फरशी लखलखीत, पण मोत्याचं काय?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला, तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातल्या भिशीतसुद्धा दुसरा विषय नव्हता. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासच्या भागातली भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावरून देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात बदल केला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. फक्त पिसाळलेली आणि अंगावर धावून येणारी कुत्री सोडू नका, असं सांगितलं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हलवण्याचा आदेश आला.

भिशीत अर्थातच दोन तट पडले. ज्यांच्या नातवाला कुत्रं चावलं होतं त्या एकीकडे आणि ज्या रोज दाराशी चतकोर भाकरी टाकतात त्या दुसरीकडे. दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि तो वाद काही एका लेखात मिटणारा नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. निकाल दिल्लीचा होता, पण 'बंदोबस्त' सुरू झाला आमच्या गल्लीत. कुणी फाटकाशी काळं फिनेल ओतू लागलं. कुणी जिन्याच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकल्या. कुणी कंपाउंडच्या कडेनं ब्लीचिंग पावडरची रेघ मारली. लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या तर आपल्याकडे वर्षानुवर्षं लटकतायत. त्यांना पाहून कुठलं कुत्रं पळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही, पण निदान त्या कुणाच्या पोटात जात नाहीत. फिनेलचं तसं नाही.

आणि विसंगती बघा. यातल्या कितीतरी घरांत आत सोफ्याशेजारी एक लाडाचं कुत्रं बसलेलं असतं. बाहेरच्या कुत्र्याला पळवायला आपण जे ओततो, तेच बादलीत घालून आतल्या कुत्र्याच्या पायाखालची फरशी पुसतो! कुत्र्याला विषबाधा म्हटलं की कुणा दुष्टाने भाकरीत काहीतरी कालवून घातलं, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण घरातल्या कुत्र्याला रोजचा धोका असतो तो मोरीखाली ओळीनं मांडलेल्या बाटल्यांचा. त्यात कुणाचाच वाईट हेतू नसतो, म्हणून तो दिसतही नाही.

अंगणातून हॉलमध्ये

हा प्रश्न आपल्या आईच्या पिढीत का नव्हता? माझ्या माहेरी मोत्या होता, तो अंगणात. त्याला ओटीच्या वर यायची परवानगी नव्हती. अंगण शेणानं सारवलेलं. भांडी राखेनं घासायची, तांब्या-पितळेला चिंच लावायची, केसांना शिकेकाई, रेशमी लुगड्याला रिठा. फार तर धुण्याचा सोडा आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी. मोत्यानं यातलं काही चाटलंच, तर फार काही बिघडत नव्हतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन बदल एकाच वेळी झाले. कुत्रं अंगणातून हॉलमध्ये आलं. कारण अंगणच राहिलं नाही. पॉमेरियन, लॅब्राडोर ही नावं लहान गावांतही सगळ्यांच्या तोंडी झाली. दुसरीकडे शेणाच्या जमिनीच्या जागी चकचकीत टाइल्स आल्या आणि टाइल्सबरोबर बाटल्या आल्या. फरशीची वेगळी, संडासची वेगळी, काचेची वेगळी, तुंबलेल्या नळीची वेगळी. टीव्हीवर 'नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के जंतू' मरायला लागले आणि फरशीला वास आला नाही तर ती पुसल्यासारखीच वाटेना.

करोनाने तर त्यावर कळस केला. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारलं होतं, ते दृश्य तुम्हालाही आठवत असेल. माणसांची ही गत, तर जनावरांची काय कथा! कितीतरी घरांत कुत्रं फिरून आलं की त्याच्या पायांना सॅनिटायझर चोळायची पद्धत पडली. तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला लोकांना बजावून सांगावं लागलं होतं, की पाळीव प्राण्यांना सॅनिटायझर, स्पिरिट किंवा घरातली जंतुनाशकं लावू नका. करोना ओसरला, पण आपला बादलीत दोन झाकणं जास्त टाकणारा हात काही मागे आला नाही.

हे दोन्ही बदल जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे फरशी. आपल्यासाठी फरशी ही चालायची जागा. कुत्र्याला तीच अंथरूण आणि तीच ताट. ते तिथेच लोळतं, तिथेच सांडलेलं खातं आणि मग पाय चाटून साफ करतं. त्याचं नाक आपल्या नाकापेक्षा कित्येक हजार पटींनी तिखट. आपल्याला जो 'मंद सुवास' येतो, तो त्याच्या नाकाशी काय होत असेल याचा विचार करा. पायाला लागलेलं आपण धुतो, ते गिळतं. सगळा फरक एवढाच आहे.

बाटलीत असतं काय?

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, बी.ए.च केलंय. पण बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचायला आणि पशुवैद्यांना चार प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. जे समजलं ते सरळ शब्दांत सांगते.

काळ्या फिनेलमध्ये कोळशाच्या डांबरापासून काढलेली फिनॉल, क्रेसॉल ही द्रव्यं असतात. ती तोंड आणि जीभ भाजतात, कातडीतूनही अंगात शिरतात आणि जास्त गेली तर यकृत, मूत्रपिंड यांना इजा करतात. घरात मांजर असेल तर आणखी जपायला हवं, कारण मांजराचं शरीर ही द्रव्यं बाहेर टाकण्यात फारच कमी पडतं. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइनचं तेल असतं. ते झाडाचं म्हणून निर्धोक, असं समजू नका. ते पोटात गेलं की उलट्या होतात आणि उलटी फुप्फुसात उतरली तर दुखणं जिवावर बेततं.

रंगीत, सुवासिक फ्लोअर क्लीनरपैकी बऱ्याच बाटल्यांवर बेंझालकोनियम क्लोराइड असं नाव सापडेल. हे द्रव्य दाट असताना कुत्र्याच्या जिभेला लागलं तर जिभेवर आणि हिरड्यांवर फोड येतात, लाळ गळते, खाणं बंद होतं. मुख्य म्हणजे हे कधीकधी लगेच दिसत नाही, काही तासांनी दिसतं. सकाळी फरशी पुसली, संध्याकाळी कुत्रं जेवेना, तर आपण म्हणतो ऊन लागलं असेल.

संडास साफ करायच्या द्रवात आणि टाइल्सवरचे डाग काढायला आणतो त्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. नळी मोकळी करायच्या पुडीत कॉस्टिक सोडा. दोन्हीही अन्ननलिका जाळणारे. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. यांची आपसात भेट घडवणं त्याहून वाईट. ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू निघतो आणि क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. तो खाली, जमिनीलगत साठतो. आता उन्हाळ्यात कुत्रं कुठे पसरलेलं असतं आठवा. बाथरूमच्या गार फरशीवर! उभ्या बाईला नुसता ठसका लागतो, तेव्हा खाली निजलेल्याची काय अवस्था होत असेल? कुत्र्याने घरात लघवी केली म्हणून तिच्यावर सरळ ब्लीच ओतायचीही सवय असते. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिळालं की त्यातूनही झोंबणारा वायू निघतो. आधी साध्या पाण्याने लघवी धुऊन काढायची, मग जे काय घालायचं ते.

डांबरगोळ्यांचं तर विचारूच नका. त्यात नॅप्थलीन असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लहान चणीच्या कुत्र्याला एक गोळीसुद्धा आजारी पाडू शकते. आपण त्या कपाटात, मोरीत, संडासच्या भांड्यात आणि आता फाटकाशीही टाकतो. पिल्लाला ती खेळण्याची गोटी वाटते.

'घरगुती, नैसर्गिक' म्हणून आपण ज्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो त्याकडेही बघायला हवं. माश्या-मुंग्या येऊ नयेत म्हणून पुसायच्या पाण्यात कापूर चुरून टाकतात. कापूर पोटात गेला तर कुत्र्याला झटके येऊ शकतात. वास्तूसाठी म्हणून खडे मीठ घातलेलं पाणी बादलीत दिवसभर राहतं. मीठ जास्त गेलं तर तेही कुत्र्याला घातकच. नीलगिरी, टी ट्री अशी सुगंधी तेलं आता लहान गावांतल्या दुकानांतही मिळू लागली आहेत. ती पाण्यात टाकण्यापूर्वी घरात चार पायांचं कुणी आहे का, हे आठवावं.

हे सगळं वाचून घाबरून जायचं कारण नाही. पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेलं, वाळून गेलेलं फ्लोअर क्लीनर सहसा कुत्र्याला मारत नाही. मारतं ते दाट द्रव, ओली फरशी, उघडी बादली आणि ओळख नसलेली बाटली.

फाटकाशी ओतलेलं फिनेल

आमच्या मागच्या गल्लीत त्याच सुमारास घडलेली गोष्ट. एका घरी सात-आठ वर्षांचा टॉमी. त्याच्या काकूंनी भटकी कुत्री फाटकाशी घाण करतात म्हणून रोज सकाळी काळं फिनेल, पाणी न घालता, उंबऱ्यापासून गटारापर्यंत ओतायला सुरुवात केली. सांगणारे सांगत, 'दाटच ओता, पातळ केलं की कुत्री ऐकत नाहीत.' तिसऱ्या-चौथ्या दिवशी टॉमीच्या तोंडातून लाळेची तार लागली. पुढचा पंजा तो सारखा तोंडावर घासत होता. घरच्यांनी हळद-तूप चाटवलं. रविवार होता, सरकारी दवाखाना बंद. शेवटी रिक्षा करून जिल्ह्याच्या गावी खासगी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात फिनेल कुठलं वापरता?" तीन दिवस सलाइन लागलं, पण टॉमी वाचला.

त्याच गटाराकाठी एका गल्लीतल्या कुत्रीची तीन पिल्लं असायची. त्यातलं एक त्याच आठवड्यात मेलेलं सापडलं. ते कशानं गेलं हे कुणी तपासलं नाही. तपासणार तरी कोण? त्याला घर नव्हतं, रिक्षा नव्हती, सलाइनही नव्हतं. नगरपालिकेच्या घंटागाडीतून ते गेलं. टॉमीच्या काकू मला म्हणाल्या, "मी कुणाला मारायला थोडंच ओतत होते गं?" खरंच होतं त्यांचं. पण फिनेलला हेतू कळत नाही, आणि बाहेरचं कुत्रं कुठलं, घरचं कुठलं, हेही कळत नाही.

कायद्याचं बोलायचं तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे आणि जाणूनबुजून अपायकारक पदार्थ खाऊ घालणं हा त्यात गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३२५ आहे. कुठल्याही प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे मुद्दाम विष घालणाऱ्यासाठी कायदा आहे. पण माहिती नसताना फाटकाशी ओतणाऱ्या काकूंचं काय? तिथे पोलिसाचं काम नाही, शेजारणीचं आहे. कुणीतरी हात धरून सांगायला हवं. भटक्या कुत्र्यांचा त्रास खरोखरच असेल तर नगरपालिकेकडे नसबंदी आणि लसीकरणाची मागणी करायची. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार ती जबाबदारी स्थानिक संस्थांचीच आहे. दहा बायकांनी सह्या करून अर्ज दिला तर तो एका बाटलीपेक्षा जास्त काम करतो.

चिठ्ठी नसलेली बाटली

आता थोडं आपल्याच घरातलं बोलते. आपल्या गावांतून फिनेल येतं कुठून? मोठ्या कंपनीची बाटली महाग, म्हणून बरंचसं सुटं येतं. सायकलवरून, टेम्पोतून, आठवडे बाजारातून. आणि बऱ्याच वेळा आपल्याच बचत गटांकडून. मी ज्या गटांबरोबर काम करते त्यातले दोन गट फिनेल आणि भांड्यांचा लिक्विड सोप बनवतात. शहरातून दाट द्रव आणायचा, पाणी मिसळायचं आणि बाटल्या भरायच्या. या कामावर कुणाच्या मुलीची फी भरली गेली, कुणाचं गहाण मंगळसूत्र सुटलं. त्यामुळे यावर बोलताना मी जपून बोलते.

पण बाटल्या कुठल्या? लग्नाच्या कार्यालयातून गोळा केलेल्या पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या. चिठ्ठी नाही, नाव नाही. पांढरं फिनेल पाण्यात मिसळलं की ताकासारखं दिसतं, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? घरातली म्हातारी सासू, शाळेतून तहानलेला आलेला मुलगा आणि फुटलेल्या बाटलीतून सांडलेलं चाटणारं कुत्रं, तिघांसाठीही ती बाटली म्हणजे फसवणूकच. डॉक्टरांकडे नेल्यावर 'यात काय होतं?' या प्रश्नाला उत्तर नसतं. उपचाराचे पहिले तास त्यातच जातात.

गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा आधी सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "ताई, चिठ्ठी छापायला पैसे लागतात. बाटलीमागे आम्हाला सुटतं किती, तुम्हाला माहीत आहे. आणि चिठ्ठी वाचतं कोण?" तिचं गणित चुकीचं नव्हतं. दुसरी म्हणाली, "वाचत नाहीत तर चित्र काढू." शेवटी ठरलं ते असं. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या बंद, भंगारवाल्याकडून नाही तर घाऊक बाजारातून जाड, रंगीत बाटल्या आणायच्या. चिठ्ठी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. काय आहे, एका बादलीला किती झाकणं, पोटात गेलं तर उलटी करवू नका, डॉक्टरांना ही बाटली दाखवा. वर दोन चित्रं, एक रांगतं मूल आणि एक कुत्रं, दोन्हींवर लाल फुली. बाटलीची किंमत थोडी वाढली. काही गिऱ्हाइकं तुटली, हेही खरं. काहींनी कुरकुर केली आणि घेतलं. शाळेने मात्र चिठ्ठी बघूनच ऑर्डर दिली.

इथे गटांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जंतुनाशक म्हणून विकायच्या द्रवांना आपल्याकडे औषधांचे नियम लागू होतात. १९४५ च्या औषध नियमांत काळ्या-पांढऱ्या जंतुनाशक द्रवांची मानकं दिलेली आहेत. 'घरचंच तर आहे' म्हणून त्यातून सुटका होत नाही. ॲसिडचं तर त्याहून कडक. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलं, की विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवावा, ओळखपत्र बघावं, अठरा वर्षांखालच्याला देऊ नये. आणि आपण चौथीतल्या मुलाला दहा रुपये देऊन 'जा, संडासचं ॲसिड आण' म्हणून पाठवतो! ज्या ढिलाईमुळे एखाद्या मुलीचा चेहरा जळू शकतो, त्याच ढिलाईत कुत्र्याची जीभही जळते. हे दोन प्रश्न मुळात वेगळे नाहीत.

आपल्या हातात काय?

बरंच काही. कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकीला हे बिनखर्चात करता येईल.

फरशी पुसताना कुत्र्याला दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर बांधा आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच सोडा. झाकणानं मोजून टाका; जास्त टाकल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त चिकट होते. कुत्रं जिथे झोपतं, खातं तिथे नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवा. रोज जंतुनाशक लागतंच असंही नाही, एरवी साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो. बादली लगेच रिकामी करा. साबणात भिजवलेल्या कपड्यांची बादली रात्रभर उघडी ठेवू नका. कुत्रं तहान लागली की त्यातच तोंड घालतं. कमोडचं झाकण बंद ठेवा. बाटल्या मोरीखाली नकोत, खिळा-कडी असलेल्या वरच्या फडताळात हव्यात. एका बाटलीतलं दुसरीत ओतू नका. कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा आणि हातमोजे द्या. जे कुत्र्याच्या पंजाला भाजतं ते त्यांच्या बोटांनाही भाजतंच, त्या फक्त बोलत नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत विशेष सांभाळा. एरवी वर्षभर न उघडलेल्या बाटल्या तेव्हा एकदम बाहेर येतात आणि घराची सगळी दारं उघडी असतात.

एवढं करूनही तोंड घातलंच तर? लाळ गळणं, पंजा तोंडावर घासणं, उलट्या, खोकला, जिभेवर पांढरे-लाल चट्टे, झोकांड्या ही लक्षणं. पहिली गोष्ट, कुत्र्याला तिथून दूर न्या आणि बाटली ताब्यात घ्या. अंगाला-पायाला लागलं असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि त्याला अंग चाटू देऊ नका. शुद्धीवर असेल तर ओल्या फडक्याने तोंड पुसून घ्या. उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, मोहरी नको, घशात बोटं नकोत. मोबाइलवरच्या व्हिडिओत पेरॉक्साइड पाजून उलटी करवतात, तेही आपल्या मनाने करायचं नाही. जे जाताना अन्ननलिका जाळत गेलं, ते परत येताना पुन्हा जाळतं. ॲसिडवर सोडा, सोड्यावर लिंबू असले उतारेही नकोत. आणि आपला लाडका उपाय, दूध-तूप! नॅप्थलीन स्निग्ध पदार्थांत विरघळतं. डांबरगोळी गिळलेल्या कुत्र्याला तूप चाटवलं तर ते अंगात जास्तच भिनू शकतं. म्हणून काहीही पाजण्याआधी डॉक्टरांना फोन, आणि मग बाटलीसकट दवाखाना.

एक सावधगिरी मात्र माणसांसाठी. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं लाळ गाळत, झोकांड्या देत असेल तर ते फिनेलमुळेच असेल असं नाही, पिसाळलेलंही असू शकतं. दया आली तरी त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. नगरपालिकेला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांना कळवायचं. चावलं, किंवा लाळ जखमेला लागली, तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायची.

आणि दवाखाना कुठला, हे आजच ठरवून ठेवा. गुरांच्या सरकारी दवाखान्याची वेळ, रविवारी उघडा असतो का, जवळचा खासगी पशुवैद्य किती लांब, रिक्षावाल्याचा नंबर. कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो मुख्यतः गाईगुरांसाठी आहे, पण फोन करून बघायला हरकत नाही. त्याच्यावरच विसंबून मात्र बसू नका.

हे बोलायला लागलं की हमखास एक प्रश्न येतो, "अहो, इथे माणसांचं धड होत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" त्यांना मी एवढंच म्हणते, रांगणारं मूल आणि कुत्रं यांची उंची सारखीच असते. दोघंही जमिनीवरचं उचलून तोंडात घालतात, दोघांनाही चिठ्ठी वाचता येत नाही आणि दोघांनाही दुखलं तर नीट सांगता येत नाही. कुत्र्यासाठी फरशी सुरक्षित केली की नातवासाठी ती आपोआप सुरक्षित होते. त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

भटक्या कुत्र्यांचं काय करायचं, ते न्यायालयं आणि नगरपालिका ठरवतील. घरातल्या फरशीवर काय ओतायचं, किती ओतायचं आणि बाटली कुठे ठेवायची, हे मात्र आपणच ठरवतो. मैत्रिणींनो, आज संध्याकाळी मोरीखालच्या बाटल्या एकदा बाहेर काढून बघा. ज्यांच्यावर नाव नाही, त्यांच्यावर निदान खडूने तरी नाव घाला. आणि आत काय आहे हेच आठवत नसेल, तर ती बाटली घरात कशाला हवी?